ठिपका म्हणतो, सूनबाई घरी नाही

सूनबाई घरीच होती. हे मी ओरडून ओरडून सांगत होते, पण माझ्यावर विश्वास ठेवणार कोण? तिच्या साहेबाने ठेवला नाही, सख्ख्या नवऱ्याने ठेवला नाही. कपाटावरच्या वस्तूची साक्ष कोण काढतं? सगळ्यांनी विश्वास ठेवला तो एका ठिपक्यावर. ना हात, ना पाय, ना तोंड. निळा, वाटाण्याएवढा. पण त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!

मी वायफायची डबी बोलतेय. खोक्यावर माझं नाव मोठं आणि अवघड छापलं होतं, पण या घरात मला सगळे डबीच म्हणतात आणि मलाही तेच बरं वाटतं. दोन शिंगं, पुढे चार हिरवे दिवे, मागे वायरींचं शेपूट. शिक्षणाच्या नावाने आनंदच. इकडचं तिकडे द्यायचं आणि तिकडचं इकडे, एवढंच मला येतं. लोकांचं काय काय माझ्यातून जातं, पण मी कधी कुणाचं उघडून वाचलं नाही. मला गरजच वाटली नाही. ज्यांना वाटते, त्यांचंच तर सांगायला बसलेय.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. सरकत्या पट्ट्यावर पुढे बहीण, मागे बहीण, मधे मी. शेवटी एका बाईने माझ्या पोटावर नंबराची चिकटपट्टी डकवली. तो नंबर जगात दुसऱ्या कुणाचा नाही, फक्त माझा. ती बाई हात चालता ठेवून अधूनमधून वर टांगलेल्या कॅमेऱ्याकडे बघून घ्यायची. मला तेव्हा फार नवल वाटलं. कॅमेरा बघतो तिच्याकडे हे समजलं, पण ती कशाला बघत असेल त्याच्याकडे?

माझी एक सवय आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. मला गप्प बसता येत नाही. वीज मिळाली की मी सुरू. मी इथे आहे, हा माझा नंबर, मी इथे आहे, हा माझा नंबर. तुमच्या कानांना ऐकू येत नाही, पण आसपासच्या प्रत्येक मोबाईलला येतं. हे माझं कामच आहे. ओरडले नाही तर मोबाईलला मी सापडणार कशी? पण ‘इथे’ म्हणजे कुठे, ते मी जन्मात कुणाला सांगितलेलं नाही. मलाच माहीत नव्हतं. मला काय कुणी फिरायला नेलं होतं?

नेटवाल्याने मला पहिल्यांदा टांगलं ते एका जुन्या गल्लीतल्या घरात, खिडकीशेजारच्या खिळ्याला. घरात दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि त्यांची आई. थोरला कुलपं-किल्ल्यांचं दुकान चालवायचा. धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याची बायको म्हणजे आपली सूनबाई. फ्रीज बनवणाऱ्या कंपनीत ती तक्रारी ऐकते, घरी बसून, कानाला यंत्र लावून. त्या कामासाठीच मला आणलं होतं.

खिडकीखाली रोज एक पार्सलवाला येऊन थांबायचा. गाडीच्या दांड्यावर त्याचा मोबाईल. मी ओरडतेय, तो मोबाईल ऐकतोय, आणि ऐकून कुठेतरी वरच्या वर काहीतरी कळवतोय, एवढं मला जाणवायचं. म्हटलं, चला, कुणीतरी आपली ओळख ठेवतंय. खरं सांगते, मला बरं वाटायचं.

थोरल्याला मात्र सूनबाईचं काम कामच वाटत नव्हतं. “खुर्चीत बसून गप्पा मारायच्या आणि वर पगार घ्यायचा! मलाही सांगा की अशी नोकरी.” जाऊबाई नाक मुरडून त्याच्या होला हो करायच्या. एकदा त्यांना मिक्सर लावायचा होता. त्यांनी सरळ माझी वायर उपटली. सूनबाई तेव्हा एका भडकलेल्या गिऱ्हाइकाला शांत करत होती. गिऱ्हाईक शांत झालं ते कायमचंच, लाईनच तुटली. संध्याकाळी दोघा भावांची अशी जुंपली की विचारू नका. थोरला म्हणाला, “माझ्या घरात माझ्या बायकोने कुठलं बटण दाबायचं ते तू सांगणार?” धाकटा म्हणाला, “मग तुझं घर तुला लखलाभ. या गल्लीत पुन्हा पाऊल टाकणार नाही.” आणि सूनबाईने खिळ्यावरून मला काढलं, वायर गुंडाळली, कढईत ठेवलं आणि वर झाकण मारलं. “ही आमची आहे,” एवढंच म्हणाली. म्हातारी धाकट्याबरोबर निघाली. कढई तिच्याच मांडीवर होती.

नवं घर गावाबाहेरच्या नव्या इमारतीत. आसपास अर्धवट बांधकामं, शेजारचे दरवाजे बंद. मला कपाटावर बसवलं. खाली सूनबाईचं टेबल. अंधारातून बाहेर आले तशी मी पुन्हा सुरू झाले. मी इथे आहे, हा माझा नंबर. पण इथे दुसरी डबीच नव्हती! माझ्याएवढ्या मोठ्याने ओरडणारं कुणीच नाही. मी जरा ताठ झाले.

सूनबाईचं काम मला आवडायचं. माणसं फ्रीजबद्दल काय काय विचारतात! एक आजोबा रोज फोन करायचे. दार लावल्यावर आतला दिवा विझतो की नाही, याची त्यांना शंका.

“विझतो हो आजोबा.”

“कशावरून? मी दार उघडतो तेव्हा तर पेटलेलाच असतो.”

“दार लावल्यावर विझतो.”

“पण दार लावल्यावर मला दिसत नाही ना!”

“नाही दिसत तर नाही दिसत. दार लावल्यावर आत काय होतं ते त्या फ्रीजचं त्याला बघू द्या की.”

स्वयंपाकघरात म्हातारी हसून लोळायची बाकी राहायची.

मग कंपनीने सूनबाईला मोबाईल दिला. त्यात एक ॲप होतं, त्याचं नाव ‘सोबत’. कंपनीचं म्हणणं असं की गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन सगळे तुमच्या पडद्यावर असतात, तेव्हा नोंदवलेल्या घरात बसूनच काम करायचं, दुसरीकडे नाही. म्हणून ही सोबत. मोबाईल कुठे आहे ते एक ठिपका साहेबाला दाखवतो. आता यात मला काही गैर वाटलं नाही. कामाच्या वेळी कुठे आहेस, हे विचारायचा मालकाला हक्क असेल. मला एवढंच कुतूहल होतं की तो मोबाईल टेबलावर पालथा पडलेला, डोळे मिटलेले, खिडकी बंद. त्याला कसं कळतं आपण कुठे आहोत? मला नाही कळत, मग त्याला कसं?

थोड्याच दिवसांत साहेबाचा फोन आला. साहेबाचा आवाज इतका गोड की ऐकून मुंग्या लागाव्यात.

“मॅडम, सध्या कुठून काम करताय?”

“घरून, सर.”

“घरून म्हणजे नव्या पत्त्यावरून?”

“हो.”

“ठिपका तर जुन्या पत्त्यावर दिसतोय. रोजच. मी आधी बोललो नाही, म्हटलं असेल काही अडचण.”

सूनबाई गोंधळली. “सर, मी इथेच आहे. व्हिडिओ लावून दाखवते.”

“व्हिडिओत मागे हवी ती भिंत लावता येते, मॅडम. मी तुमच्यावर आरोप करत नाही. पण ग्राहकांची माहिती घेऊन तुम्ही दुसऱ्याच घरी बसता, असं वर दिसतंय. खुलासा नसेल तर नोकरी राहणं कठीण आहे.”

सूनबाई म्हणाली, “माझ्या सासूबाई इथेच बसल्यात, त्यांना विचारा.” म्हातारीने यंत्र हिसकावून घेतलं. “अहो, माझ्या डोळ्यांसमोर बसलीय ती! सकाळपासून उठली नाही. चहासुद्धा मी दिलाय.”

“घरच्या माणसांची साक्ष घेता येत नाही, आजी,” साहेब गोड आवाजात म्हणाला.

“मग कुणाची घेता?”

“ठिपक्याची.”

त्याच दिवशी म्हातारीने साहेबाचं बारसं केलं, ठिपकेसाहेब. आणि मी? मी वरून कंठशोष करत होते. ही माझ्यापासून हाताच्या अंतरावर आहे, तिचा शब्द न् शब्द माझ्यातून जातोय, ती इथेच आहे! पण मला येतं काय, तर ‘मी इथे आहे’ एवढंच. ‘ती इथे आहे’ हे म्हणायला मला कुणी शिकवलंच नाही.

इथवर ठीक होतं. पण ठिपकेसाहेबाने खात्री करून घेण्यासाठी नवऱ्याला फोन लावला. नोकरीला लागताना अडीअडचणीसाठी म्हणून त्याचा नंबर दिला होता. ही म्हणे अडचण. लिफ्टवाला संध्याकाळी आला तो तोंडाला कुलूप लावूनच. हत्यारांची पिशवी आपटली. पाणी प्यायला. मग म्हणाला,

“त्या घरी जातेस?”

“कुठल्या घरी?”

“उगाच वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. दादाच्या. रोज जातेस म्हणे.”

“अहो, काय बोलताय? त्या दारात मी मेले तरी जाणार नाही.”

“मग मोबाईल खोटं बोलतो? त्याला काय पडलंय खोटं बोलायचं?”

“आणि मला काय पडलंय?”

म्हातारी म्हणाली, “अरे, ती दिवसभर माझ्यासमोर असते.” तो म्हणाला, “तू दुपारी झोपतेस, आई.” म्हातारी दुपारी झोपते, हे खरंच होतं. माणसाच्या मनात शंका शिरली की तिला बसायला एवढीशी जागा पुरते. ती घरातल्या झोपेतसुद्धा जागा शोधते.

पुढचे दिवस या घरात वाईट गेले. तो जेवायचा आणि उठायचा. ती काम करताना मधेच थांबून त्या पालथ्या मोबाईलकडे बघत बसायची. एकदा मोबाईल हातात घेऊन ती या खोलीतून त्या खोलीत गेली, दारापाशी उभी राहिली, मोबाईल वर धरला, खाली धरला. जणू त्याला घर दाखवत होती. बघ रे, ही भिंत, हे टेबल, ही मी. एकदा तर तिने म्हातारीला विचारलं, “आई, मी इथेच असते ना?” ऐकून माझे दिवे लुकलुकले. घरात बसलेल्या बाईला आपण घरी आहोत की नाही, याचीच शंका यावी!

ती नोकरी गेली असती तर तोंड दाखवायला जागा उरली नसती, कारण थोरला हेच म्हणत होता की ही नोकरी नव्हेच. पण नोकरीपेक्षा तिला नवऱ्याचं लागलं होतं, हे मी बघत होते. साहेबाशी ती भांडायची. नवऱ्याशी भांडतच नव्हती.

मग ठिपकेसाहेबाचा शेवटचा म्हणून फोन आला. योगायोगाने लिफ्टवाला घरी होता. सूनबाईने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. म्हणाली, “ऐका तुम्हीच.”

“मॅडम, तुम्ही अजून कबूल करत नाही. अहो, एखाद्या दिवसाची गोष्ट असती तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण सकाळी तिथे, दुपारी तिथे. परवा रविवार होता, सुट्टी होती, तेव्हासुद्धा दिवसभर तुम्ही तिथेच!”

लिफ्टवाल्याने मान वर केली. “कधी म्हणालात?”

“कोण बोलतंय?”

“तिचा नवरा. कधी म्हणालात तुम्ही?”

“रविवारी. दिवसभर.”

“रविवारी दिवसभर मी इथे पंखा बसवत होतो. आणि ही खाली स्टूल धरून उभी होती. एकदा सोडलं तर मी वरून बोंब मारली, ‘तुला विधवा व्हायचंय का’ म्हणून. ती तिकडे कशी असेल?”

पलीकडे गोडवा जरा आटला. “काहीतरी... तांत्रिक...”

म्हातारी पुढे सरसावली. “तांत्रिक राहू दे बाजूला. रविवारी तुम्ही आमच्या घरात डोकावत कशाला होता?”

“डोकावत नाही आजी, ॲप आपोआप—”

“आपोआप तर माझं नाकही वाहतं, म्हणून कुणासमोर उभी राहते का मी?”

फोन बंद झाला. लिफ्टवाला बायकोसमोर उभा राहिला, पण तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होईना.

“चुकलं माझं,” तो म्हणाला.

“तुम्ही ठिपक्याला विचारलंत. मला नंतर विचारलंत,” ती म्हणाली. आणि मग एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रडली. म्हातारी उठून उगाचच भांडी घासायला गेली.

पण ठिपका तिकडे जातो कसा? हे कोडं आता तिघांनाही सुटल्याशिवाय चैन पडेना, आणि मला तर मुळीच नाही. लिफ्टवाला म्हणाला, “लिफ्ट अडकली की आम्ही काय करतो? एकेक गोष्ट बंद करत जायचं. जी बंद केल्यावर फरक पडेल, ती धरायची.” सूनबाई मोबाईलवर नकाशा उघडून बसली. त्याने टीव्ही बंद केला. ठिपका तिकडेच. पंखा बंद केला, घामाच्या धारा, ठिपका तिकडेच. फ्रीज बंद केला. म्हातारी ओरडली, “माझं दूध!” ठिपका तिकडेच. मग तो स्टुलावर चढला आणि त्याने माझ्याकडे हात केला.

वायर निघाली आणि माझा आवाजच गेला. परत आला तेव्हा तिघं माझ्याकडे टक लावून बघत होती. असं याआधी मला कुणी बघितलं नव्हतं.

“डबी बंद असली की मी घरी असते,” सूनबाई हळूच म्हणाली. “डबी चालू झाली की मी दादांकडे जाते.”

दुसऱ्या दिवशी नेटवाला आला. त्याने मला उलटं करून पोटावरचा नंबर बघितला आणि हसायलाच लागला. “ही तर जुन्या घरची डबी! तुम्ही ती सोबत आणलीत, पण तिचा नंबर नकाशात अजून तिथेच नोंदलाय. रस्त्याने जाणारे मोबाईल येता-जाता कळवत असतात, अमुक नंबरची डबी अमुक ठिकाणी ऐकू आली. बंद खोलीतल्या मोबाईलला आभाळ दिसत नाही, मग तो आसपास कोण ओरडतंय ते ऐकतो आणि त्यावरून आपली जागा ठरवतो. इथे दुसरं कुणी ओरडत नाही. ही एकटीच. ही बंद असली की तो टॉवरवरून अंदाज बांधतो, चालू असली की हिचंच ऐकतो. त्याला वाटतं, ही डबी म्हणजे ते घर.”

मला पार्सलवाल्याचा तो मोबाईल आठवला. ओळख ठेवत होता म्हणे! मला न विचारता माझं नाव लिहून घेतलं, जागा लिहून घेतली, आणि मी घर बदललं ते मात्र कुणाला कळलं नाही. सांगा, मी कधी म्हणाले होते का की मी त्या गल्लीत आहे? मी फक्त ‘इथे’ म्हणाले. ‘इथे’चा अर्थ दुसऱ्याच कुणी लावला, आणि शिक्षा तिसऱ्याच बाईला झाली.

सूनबाईने सगळं कंपनीला कळवलं, आणि वर विचारलं, “सर, एक सांगा. काम संपल्यावरही माझा ठिपका दिसतो ना? मी बाजारात जाते, डॉक्टरकडे जाते, तेही?”

“मॅडम, तो विषय वेगळा आहे,” ठिपकेसाहेब म्हणाला. गोडवा परत आला होता. “चौकशी पूर्ण झाली. तुमची चूक नाही, ॲपची नाही, कंपनीच्या नियमांचीही नाही. दोष तुमच्या डबीचा. ती तेवढी बदलून घ्या.”

झालं. दोष माझ्या अंगावर टाकला आणि बाकी सगळे धुतल्या तांदळासारखे! रविवारी बघणारा सुटला, बघायला लावणारे सुटले.

नेटवाल्याने नवी डबी बसवली. ती पांढरी आहे, चार शिंगांची आहे, आणि माझ्यापेक्षा जोरात ओरडते. मी आता खिडकीत आहे. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून म्हातारीने मला फटीत अडकवलंय. इथून मला पुन्हा रस्ता दिसतो. दिवे नाहीत, वीज नाही, तोंड बंद, पण डोळे उघडे आहेत. तुम्हाला एकच विनवणी करते. तुमच्या घरात कुणी कानाला यंत्र लावून काम करत असेल, तर ती कुठे असते हे कुठल्याही ठिपक्याला विचारू नका. हाक मारा. ती ओ देईल.

नव्या डबीमुळे ठिपका आता बरोबर जागी येतो. आणि बरोबर येतो म्हणूनच सूनबाईने नवं सुरू केलंय. काम संपलं की ती कंपनीचा मोबाईल बंद करते आणि टेबलाच्या खणात टाकून देते. लिफ्टवाला खण लावतो. हे ठिपकेसाहेबाला कळायला फार वेळ लागला नाही.

“मॅडम, संध्याकाळी मोबाईल बंद असतो तुमचा.”

“हो सर. काम सुटलं की मी घरी येते.”

“तुम्ही तर घरीच असता!”

“दिवसभर तुमच्या कंपनीत असते, सर. संध्याकाळी घरी येते.”

“अहो, पण बाकी सगळ्यांचे चालू असतात. तुमचाच ठिपका गायब. मला वर उत्तर द्यावं लागतं. दोष कुणाचा म्हणून सांगू मी?”

म्हातारी आतून म्हणाली, “सांग गं, सांग. घाबरतेस काय?”

सूनबाईने खिडकीकडे बघितलं. माझ्याकडे बघून ती हसली, हे मी शपथेवर सांगते.

“मागच्या वेळी ज्याचा सांगितलात, त्याचाच सांगा, सर.”

“म्हणजे कुणाचा?”

“डबीचा.”